विहीणबाईंचा निवांत खून

सुधींद्रनं त्या दिवशी फक्त ‘हो’ म्हटलं. तेही व्हिडिओ कॉलवर, हातात चहाचा कप, आणि एक डोळा दुकानाबाहेर थांबलेल्या टेम्पोवर. सासूला हो म्हणताना माणसानं कप खाली ठेवावा, टेम्पोकडे पाठ करावी आणि आपण कशाला हो म्हणतोय ते नीट ऐकून घ्यावं, हे शहाणपण त्याला आलं, पण नंतर आलं. (शहाणपणाची आणि सुधींद्रची वेळ कधी जुळलेली नाही.)

सासू म्हणजे मॉरीनबाई. राहणार इंग्लंडात, लीड्सजवळच्या एका खेड्यात. पोस्टाच्या काउंटरवर आयुष्य काढून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि रूथ ही त्यांची एकुलती एक मुलगी. सुधींद्र लीड्सला नोकरीला होता तेव्हा त्याचं आणि रूथचं जमलं, लग्न झालं. पुढे इकडे सुधींद्रच्या वडिलांचं, पांडुरंगरावांचं, हृदयाचं ऑपरेशन निघालं म्हणून दोघं थोडे दिवस बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरला, सुधींद्रच्या घरी आली. ते थोडे दिवस काही संपले नाहीत. सुधींद्रनं बसस्टँडच्या मागे ठिबक सिंचनाची एजन्सी घातली. रूथ वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून लीड्सच्या ऑफिसचं काम करायची आणि संध्याकाळी बाजारात जाऊन मेथीच्या पेंढीवरून भाजीवाल्या मल्लव्वाशी भांडायची. गावानं तिचं रुता करून टाकलं होतं. तिचं मराठी सासूबाईंच्या आणि मल्लव्वाच्या तालमीत तयार झालेलं असल्यामुळे पुण्याच्या पाहुण्यांना ते जेमतेम अर्धं कळायचं.

मॉरीनबाईंना यातलं काहीच पटलेलं नव्हतं. त्या पहिल्यांदाच मुलीकडे येणार होत्या, आणि नुसतं भेटायला येणार नव्हत्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मुलीला समजावून परत घेऊन जायचं, जावई आला तर त्यालाही सामानात घालायचं, असा त्यांचा बेत होता. तसं त्यांनी रूथला फोनवर बोलूनही दाखवलं होतं. बाकी त्यांच्या गरजा अगदी साध्या होत्या. जेवण कसलंही चालेल, उकाडा चालेल, डास चालतील. संध्याकाळी तेवढा थोडा इंग्रजी टीव्ही पाहिजे. आणि इंग्रजी म्हणजे नाचगाणं नको, मारामारी नको. एक छोटंसं इंग्लिश खेडं असावं, मधोमध तळं असावं, चर्च असावं, आणि चर्चच्या बागेत गुलाबाच्या ताटव्यात कुणीतरी पालथं मरून पडलेलं असावं. मग एक म्हातारा पोलीस अधिकारी येतो, घराघरात जाऊन चहा पितो, आणि शेवटी खून कुणी केला ते सांगतो. असा एखादा निवांत खून पाहिल्याशिवाय मॉरीनबाईंना रात्री झोप येत नसे. तर तुमच्या त्या गावात हे दिसतं का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि सुधींद्र हो म्हणाला होता.

कॉल संपल्यावर रूथनं लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याकडे बघितलं.

“कामून व्हय म्हणलास? आपल्या टीव्हीवर इंग्लिश कवा दिसलंय?”

‘चुकून म्हणालो’ एवढं सांगितलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण सुधींद्रला ‘तुमच्या त्या गावात’ हे तीन शब्द नंतर ऐकू आले होते आणि ते आत जाऊन रुतले होते. त्यानं जाहीर केलं की कमलनगर म्हणजे काय जंगल नव्हे. तालुका झालाय आता. मनात आणलं तर इथं काय वाट्टेल ते मिळतं. सासूबाई यायच्या आत घरात इंग्रजी टीव्ही दिसला नाही तर आपण नाव सांगणार नाही. (कुणाचं नाव सांगणार नाही ते त्यानं स्पष्ट केलं नाही. रूथनंही विचारलं नाही.)

आता घरातला टीव्ही नावाला सगळ्यांचा असला तरी खरा नलिनीबाईंचा होता. नलिनीबाई म्हणजे सुधींद्रची आई. मागे एकदा केबलवाल्या लिंगराजनं पॅक बदलताना मराठी चॅनेल काढून टाकलं होतं, तर नलिनीबाई त्याच्या दुकानात खुर्ची ओढून बसल्या होत्या. “मी काय आरडाओरडा कराया आले न्हाई. तू चॅनेल लावस्तोवर हितं बसते, तेवढंच,” असं म्हणून त्यांनी पिशवीतून गवारी काढली आणि निवडायला घेतली. गवार संपायच्या आत चॅनेल आलं. तेव्हापासून संध्याकाळची मालिका आणि नलिनीबाई यांच्यामध्ये यायची हिंमत कुणी केली नव्हती. पांडुरंगराव तर मालिकेची वेळ झाली की पायांत चपला सरकवून फिरायलाच जायचे.

येणाऱ्या पाहुणीबद्दल नलिनीबाईंची एकच तक्रार होती, तिच्या नावाची. “मोरीन? मोरीत तर आपण भांडी घासतो. लेकराचं नाव असं कामून ठिवले असतील?” असं म्हणून त्यांनी ते नाव तोंडात न घेता विहीणबाई म्हणायचं ठरवलं.

सुधींद्र लिंगराजकडे गेला. लिंगराजचं दुकान म्हणजे केबल, इंटरनेट, मोबाइल दुरुस्ती आणि उरलेल्या जागेत झेरॉक्स. तो कुठल्याही गोष्टीला नाही म्हणत नसे, हा त्याचा मोठा गुण. त्याच गुणानं गावातले निम्मे टीव्ही बंद पडलेले होते. इंग्रजी ना, हौ अण्णा, हाय की, असं म्हणून त्यानं सायंकाळी येऊन इंग्रजी पॅक टाकला आणि चॅनेल एकेक करून दाखवायला लागला.

पहिलं चॅनेल बातम्यांचं होतं. इंग्रजी होतं यात शंका नाही. पण पडद्यावर आठ चौकोन होते, प्रत्येक चौकोनात एक माणूस, आणि आठही जण एकदम ओरडत होते. ऑपरेशन झालेल्या पांडुरंगरावांनी छातीवर हात ठेवला आणि पुढचं लावायला सांगितलं. पुढचं इंग्रजी सिनेमाचं होतं. त्यात एक गोरा माणूस हेलिकॉप्टरला लोंबकळत होता आणि तेलुगूत शिव्या देत होता. तिसऱ्यावर जंगल होतं, झरा होता, शांतता होती. सुधींद्रच्या जिवात जीव आला. तेवढ्यात मागून एक भारदस्त आवाज कन्नडमध्ये बोलू लागला.

“ह्ये इंग्लिश हाय?” नलिनीबाईंनी विचारलं.

“वाघ इंग्लिश हाय अक्का,” लिंगराज म्हणाला. “आवाज तेवढा कन्नड आलाय.”

वाघ खरं तर आपल्याच भाषेत बोलत होता. पण सुधींद्रनं हार मानली नाही. त्यानं वाचून काढलं की असले निवांत खून आता इंटरनेटवर दिसतात. भला मोठा नवा टीव्ही आणला, लिंगराजकडून जोडून घेतला. खुद्द इंग्लंडचं चॅनेल लावलं, तर पडद्यावर पाटी आली की हे चॅनेल तुमच्या देशात दिसत नाही. लिंगराजनं ती पाटी वाचली, थोडा विचार केला आणि म्हणाला, मग देश बदलू. टीव्हीला आपण इंग्लंडात आहोत असं वाटायला लावायची एक युक्ती त्याला माहीत होती म्हणे. बराच वेळ तो बटणं दाबत बसला. इंग्लंड काही मिळालं नाही. त्याच्या युक्तीत नेदरलँड तेवढं फुकट होतं, म्हणून त्यानं ते लावून दिलं आणि हळूहळू सरकत इंग्लंडला जाऊ, असं सांगून निघून गेला.

त्या संध्याकाळी नलिनीबाई मालिका लावायला बसल्या. केबलचा जुना डबा लिंगराजनं काढून ठेवलेला, म्हणून सुधींद्रनं नव्या टीव्हीवर इंटरनेटवरून मालिका लावून दिली. पाटी आली की हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. नलिनीबाईंनी ती सुनेकडून वाचून घेतली. मग रिमोट टीपॉयवर ठेवला.

“माझ्या घरात बसून मलाच म्हणतोय तुमच्या देशात दिसत न्हाई,” त्या म्हणाल्या. “सुधा, मला आधी घरी आण. मग तुझ्या सासूचं काय करायचं ते कर.”

लिंगराजला बोलावून घराला नेदरलँडहून परत आणण्यात ती संध्याकाळ गेली. जुना डबा पुन्हा जोडला गेला. रूथनं मग एवढंच सुचवलं की भारतातच पैसे भरून दिसणारे असले खून पुष्कळ आहेत, त्यातला एक घ्यावा. हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण सोप्या वाटेनं जाण्यात सुधींद्रला कधी गोडी वाटली नव्हती. शेवटी त्यानं ते घेतलं, आणि लागलीच दिसलं. तळं दिसलं, चर्च दिसलं, गुलाबाच्या ताटव्यात पालथा पडलेला माणूस दिसला. घरी आता खून दिसतो, असं सुधींद्र एजन्सीत येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही सांगू लागला. पाइप घ्यायला आलेला दुबलगुंडीचा शेतकरी, कोण मेलं म्हणून चौकशी करून गेला.

हैदराबादच्या विमानतळावरून सुधींद्र सासूला घेऊन आला. वाटेत त्यानं बिदरचा किल्ला दाखवला, उसाचे मळे दाखवले, आणि घरी इंग्रजी टीव्ही आहे हे चार वेळा सांगितलं. मॉरीनबाई मान हलवत राहिल्या. उंच, सडपातळ, पांढरे केस कापलेले, आणि नजर अशी की तिकीट तिरकं लावलं असेल तर पाकीट परत देतील. घरी आल्यावर नलिनीबाईंनी त्यांना ओवाळलं. जेवताना त्यांनी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत चटणी मागितली. नलिनीबाईंचं मत तिथंच जरा नरमलं. एका संध्याकाळपुरती मालिका सोडायलाही त्या कबूल झाल्या.

सगळे टीव्हीसमोर बसले. सुधींद्रनं दिवा मंद केला. खेडं आलं. पहाट झालेली. चर्चचा माळी झारी घेऊन येतोय. ताटव्यात त्याला पाय दिसतात. तो जवळ जातो, वाकतो, आणि मेलेल्या माणसाचा चेहरा आपल्याकडे वळवतो, एवढ्यात चित्र थांबलं. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर एक छोटं चक्र गोल गोल फिरायला लागलं.

ते चक्र फिरतच राहिलं. सुधींद्रनं टीव्ही बंद करून चालू केला, तारा हलवल्या, लिंगराजला फोन लावला. लिंगराजनं सांगितलं की हमरस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं इंटरनेटची तार तोडली, उद्या जोडतो. मोबाइलवरून लावून बघितलं तर माळ्याचे चौकोनी चौकोनी तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी तार जोडली. संध्याकाळी माळी आला, वाकला, आणि जेसीबीनं पलीकडच्या बाजूनं तार तोडली. तिसऱ्या दिवशी तेच. त्या माणसाला कुणी मारलं हे राहू द्या, मेला कोण हेही कुणाला कळलं नाही.

त्या तिसऱ्या संध्याकाळी वीजही गेली. इन्व्हर्टरवरचा एक दिवा आणि पंखा तेवढा चालू राहिला. सुधींद्र खाली बसून तारांत हात घालून होता. आणि मॉरीनबाईंनी, इतके दिवस मनात धरून ठेवलेलं, आपल्या शांत आवाजात बोलायला सुरुवात केली. त्या रूथला म्हणाल्या की मला टीव्हीचं काही नाही. पण बघ, इथं संध्याकाळी एक साधी गोष्टसुद्धा धड पुरी होत नाही. तू काय म्हणून राहतेस इथं? तुझी खोली अजून तशीच ठेवलीय मी. घरी चल.

मॉरीनबाई पुन्हा म्हणाल्या, घरी चल. रूथचं नाक लाल झालं. तिसऱ्यांदा त्या ‘घरी’ एवढंच म्हणाल्या आणि रूथ उठून उभी राहिली. आता राग असा आलेला की कुठली भाषा बोलायची याचं तिला भान राहिलं नाही. मल्लव्वाशी भांडून भांडून रागाची भाषा तिची एकच झाली होती.

“कामून सारखं घरी चल, घरी चल करायलीस? ह्ये काय घर न्हाई का? टीव्ही दिसंना म्हणून कुणी गाव सोडतंय का? मी काय टीव्ही बघायला आलते हितं? मला हितं ऱ्हायचंय, मी ऱ्हाणार. तू रागाव न्हाईतर रड. मी न्हाई यायची.”

सुधींद्रचे हात तारांतच राहिले. बायको आपल्या बाजूनं बोलली याचा त्याला आनंद झाला होता आणि सासूसमोर तो दाखवायचा कसा ते कळत नव्हतं. मॉरीनबाई मुलीकडे बघत होत्या. त्यांना एक शब्द कळला नव्हता. त्यांनी सुधींद्रकडे पाहिलं. सुधींद्र आणखी खाली तारांत वाकला. मग त्यांनी पांडुरंगरावांकडे पाहिलं.

पांडुरंगराव औरादच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं इंग्रजी उभ्यानं बोलायचं इंग्रजी होतं. बसून त्यांना ते यायचं नाही. ते उठले, एक घोट पाणी प्यायले, आणि मुलांना शुद्धलेखन घालावं तसे एकेक शब्द मोकळा सोडत म्हणाले,

“शी इज सेइंग, दॅट शी इज हॅपी हिअर. शी इज ऑल्सो सेइंग, दॅट यू मे क्राय.”

मॉरीनबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढंच म्हणाली का ती, असं त्यांनी विचारलं. कारण बोलणं बरंच लांब होतं.

“द टोन वॉज स्ट्राँग,” पांडुरंगराव म्हणाले. “आय हॅव रिड्यूस्ड इट.”

मॉरीनबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मग खांदे हलले. त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता मिळालेल्या परवानगीप्रमाणे थोडं रडूनही घेतलं. रूथ तशीच उभी होती. मॉरीनबाईंनी तिचा हात धरून शेजारी बसवलं, पण घरी चल असं काही त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीबरोबर बाजारात गेल्या. मल्लव्वानं मेथीच्या पेंढीत वरून गवत घातलंय असा रूथचा आरोप होता. मल्लव्वाला तो मान्य नव्हता. दोघी हातवारे करून भांडल्या, आजूबाजूच्या चार जणींनी बाजू घेतल्या, आणि शेवटी मल्लव्वानं मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकून, ही तुझी आई का, म्हणून विचारपूस केली. परत येताना मॉरीनबाई रूथला म्हणाल्या की लीड्सला कुणी तुझ्या पायावर पाय दिला तर तूच त्याला सॉरी म्हणायचीस. तू भांडलेली मी आज पहिल्यांदा बघितली. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं की कौतुक म्हणून, ते रूथला नीटसं कळलं नाही. पण घरी आल्यावर त्यांनी कोथिंबीर निवडायला घेतली.

त्या संध्याकाळी इंटरनेट नव्हतंच. नलिनीबाईंनी कुणाला न विचारता जुन्या डब्यावर मालिका लावली. पाहुणी आहे म्हणून किती दिवस सोडायची? पडद्यावर एक आई आपल्या लग्न झालेल्या मुलीचा दंड धरून काहीतरी म्हणत होती, आणि मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. मॉरीनबाई जाता जाता थांबल्या. मग खुर्चीच्या कडेला टेकल्या. मग त्यांनी पांडुरंगरावांना विचारलं (त्या लांब नावातलं ‘राव’ तेवढंच त्यांना जमायचं) की राव, ती आई काय म्हणते?

पांडुरंगरावांच्या एका पायात चप्पल सरकलेली होती. ते फिरायला निघालेले. पण इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी चप्पल काढली आणि टीव्हीशेजारी जाऊन उभे राहिले.

त्या दिवसापासून फिरणं बंद झालं. रोज संध्याकाळी पांडुरंगराव टीव्हीशेजारी उभे राहून पडद्यावरचा प्रत्येक माणूस इंग्रजीत बोलून दाखवू लागले. सासू बोलली की सासू, सून बोलली की सून, आणि मुका नोकर आला की “ही इज सायलेंट” असं म्हणून तोही कर्तव्यात बसवायचे. वाक्य फार लांब असलं तर सारांश द्यायचे. पात्रांनी अपशब्द काढला तर तो गाळायचे. नलिनीबाईंना इंग्रजी बोलता येत नसलं तरी नवऱ्यानं कुठं चुकवलं हे बरोबर कळायचं.

“ती सासू तसं म्हणली न्हाई. तुम्ही पदरचं कामून घालायलाव?”

“बाई, ती म्हणली ते वाक्य इंग्लिशमध्ये बसत न्हाई,” पांडुरंगराव म्हणायचे.

मालिकेतल्या त्या आईवर मॉरीनबाईंचा फार राग होता. मुलगी आपल्या घरी सुखात असताना ही बया रोज येऊन तिला माहेरी का ओढते, असं त्या तावातावानं म्हणायच्या. पांडुरंगराव ते नलिनीबाईंना मराठीत सांगायचे. नलिनीबाई रूथकडे बघायच्या. रूथ शेंगा सोलत मान खाली घालून बसायची. जाहिराती लागल्या की दोन्ही विहिणी पुढं काय होणार यावर चर्चा करायच्या, म्हणजे नलिनीबाई मराठीत आणि मॉरीनबाई इंग्रजीत. त्या वेळी पांडुरंगरावांना पाणी प्यायला सवड मिळायची, कारण जाहिरातीतलं दोघींनाही न सांगता कळायचं.

आता कुणाही माणसानं यात आनंद मानला असता. सासू खूश होती, आई खूश होती, वडिलांना उतारवयात नोकरी लागली होती. पण सुधींद्रचं दुखणं वेगळं होतं. आपण शब्द दिला होता. एका जेसीबीनं आपल्याला हरवावं? तो दुकान उघडायच्या आत रस्त्यावर जाऊन जेसीबीच्या समोर उभा राहिला आणि तार कुठं कुठं गाडलीय ते दाखवू लागला. जेसीबीच्या ड्रायव्हरनं आदरानं ऐकून घेतलं आणि बरोबर तिथंच खोदलं. मग सुधींद्रनं ठरवलं की तार जमिनीतून न्यायचीच नाही. लिंगराजला घेऊन तो छपरांवर चढला. बसस्टँडमागून घरापर्यंत, लोकांच्या गच्च्यांवरून, पाण्याच्या टाक्यांना वळसे घालत, तार आणायची. ज्याच्या ज्याच्या गच्चीवरून तार जाणार त्याला त्याला कुंड्यांसाठी ठिबकचा पाइप बसवून द्यायचा. निम्म्या आळीच्या तुळशी त्या आठवड्यात ठिबकवर आल्या. एका गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांत सुधींद्रचा पाय पडला. त्या बाईंनी जे ऐकवलं ते पांडुरंगरावांनीही इंग्रजीत गाळलंच असतं.

शेवटी तार घरात शिरली. कुणी तोडू शकणार नाही, कुणी खोदू शकणार नाही अशी, थेट खिडकीतून. सुधींद्र शर्टला गंज आणि गुडघ्यांना पापडाचं पीठ लागलेलं तसाच दिवाणखान्यात आला. वेळ संध्याकाळची. मालिकेत त्या आईला तिच्या मुलीनं अखेर दाराबाहेर उभं केलं होतं. आई काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. नलिनीबाई पुढे सरकून बसल्या होत्या, मॉरीनबाईंनी खुर्चीचा दांडा धरला होता, पांडुरंगराव घसा साफ करून तयार होते. सुधींद्रनं टीपॉयवरचे रिमोट उचलले आणि एका दमात सगळं बदललं.

तळं आलं. चर्च आलं. माळी ताटव्यापाशी गेला, वाकला, आणि मेलेल्या माणसाचा चेहरा आपल्याकडे वळवला. चित्र थांबलं नाही. चक्र आलं नाही. मेलेला माणूस कोण ते स्वच्छ दिसलं. गावचा डॉक्टर होता.

दिवाणखान्यात कुणी बोललं नाही. त्या शांततेचा अर्थ सुधींद्रनं आपल्या सोयीनं लावला. तो टीव्हीच्या बरोबर समोर उभा राहिला आणि सासूकडे तोंड करून इंग्रजीत बोलायला लागला. कमलनगर लहान असेल, म्हणाला, पण हटणारं गाव नाही. रस्ते खोदले तर आम्ही छपरांवरून येऊ. इथल्या माणसानं एकदा हो म्हटलं की ते हो असतं, आणि आपली मुलगी कुठल्या गावात दिलीय याची आईला पुन्हा कधी काळजी वाटू नये, म्हणून हा सगळा खटाटोप. लीड्सला शिकलेले सगळे उच्चार त्यानं त्यात घातले. अक्षरं कुठं गिळायची, कुठं नाकातून सोडायची, सगळं. एवढं चांगलं इंग्रजी आपण इंग्लंडातसुद्धा कधी बोललो नव्हतो, असं त्याला बोलता बोलताच वाटत होतं.

मॉरीनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही मधे बोलल्या नाहीत. मान हलवत राहिल्या, हसत राहिल्या. त्याचं संपलं हे नक्की झाल्यावर त्या पांडुरंगरावांकडे वाकल्या आणि हळूच, जावयाला वाईट वाटू नये अशा बेतानं, त्यांनी विचारलं की राव, काय म्हणतोय तो?

पांडुरंगरावांनी मुलाकडे पाहिलं. मग त्याच्या मागं टीव्हीकडे पाहिलं. मग एक घोट पाणी प्यायले.

“ही इज सेइंग,” ते म्हणाले, “दॅट ही विल नाऊ मूव्ह अवे फ्रॉम द टीव्ही.”

सुधींद्र बाजूला झाला.